वाण कसा घडतो? पीक सुधारणेविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सांगली जिल्ह्यातल्या पलूस-तासगावच्या पट्ट्यात कृषी पदविकेच्या मुलांना शिकवताना आणि सुट्टीच्या दिवशी बांधावर गप्पा मारताना जे प्रश्न पुन्हा पुन्हा कानावर आले, ते इथे एकत्र केले आहेत. काही परीक्षेतले आहेत, काही चहाच्या टपरीवरचे. उत्तरं सारख्या लांबीची नाहीत. जिथे लोक हमखास गोंधळतात तिथे मी जास्त वेळ थांबलो आहे.

वनस्पती प्रजनन म्हणजे काय? आमची आजी दरवर्षी चांगली कणसं बियाण्याला ठेवायची, ते हेच का?

हेच. रानटी गवताचे दाणे पिकले की झडून जातात. कधीतरी एखादं न झडणारं कणीस माणसाच्या हाती लागलं, त्याने तेच पेरलं, आणि हजारो वर्षं असं करता करता त्या गवताची ज्वारी झाली. आजीने खळ्यावर टपोरी कणसं बाजूला काढली आणि बी कडुनिंबाच्या पाल्यात घालून ठेवलं, तेव्हा ती त्याच साखळीतली एक कडी होती.

पैदासकार, म्हणजे वाण तयार करणारा शास्त्रज्ञ, यात दोन गोष्टींची भर घालतो. आपल्या रानात नसलेली विविधता तो बाहेरून आणतो किंवा संकरातून तयार करतो. आणि निवडलेलं खरोखर चांगलं आहे का, हे तो मोजून बघतो. आजीकडे डोळा होता, मोजमाप नव्हतं. खरं सांगायचं तर 'आमच्याच शेतात तयार केलेला खास वाण' म्हणून चढ्या भावाने बी विकणाऱ्या बऱ्याच जणांकडेही मोजमाप नसतं.

चांगल्या झाडाचं बी चांगलंच येणार ना?

इथेच सगळ्यात जास्त फसगत होते, म्हणून हा प्रश्न नीट बघू.

झाडावर जो गुण दिसतो त्यात दोन वाटे असतात, एक बियाण्याचा आणि एक रानाचा. पाणी, खत, ऊन, बांधाची सावली, शेजारचं रोप न उगवल्याने मिळालेली मोकळी जागा हे सगळं रानाच्या वाट्यात येतं. पुढच्या पिढीत जातो तो फक्त बियाण्याचा वाटा. डोळ्याला मात्र दोन्ही एकत्रच दिसतात.

माझ्याच हळदीची गोष्ट. काढणीच्या वेळी पाटाच्या कडेला एक कंद असा निघाला की मजूरही थांबून बघायला लागले. बाकीच्या कंदांच्या दुप्पट तरी असेल. मी त्याचे जेठे गड्डे वेगळे ठेवले, पुढच्या हंगामात वेगळ्या सरीवर लावले, घरी सगळ्यांना सांगून ठेवलं. निघालं काय, तर शेजारच्या सरीइतकंच. मग आठवलं, वडिलांच्या वेळी तिथे उकिरडा होता, आणि पाटाचं पाणीही तिथे मुरायचं. तो मोठेपणा मातीचा होता, कंदाचा नव्हता.

डेन्मार्कच्या योहान्सन यांनी १९०३ साली घेवड्याच्या दाण्यांवर हीच गोष्ट सिद्ध केली. बाजारातल्या मिसळीच्या घेवड्यातून मोठे आणि लहान दाणे निवडले, तर पुढच्या पिढीत फरक दिसला. पण एकाच झाडापासून वाढवलेल्या शुद्ध वंशात मोठे दाणे निवडा की लहान, पुढच्या पिढीत दाण्याचं सरासरी वजन तेच यायचं. कोरेगावचा वाघ्या घेवडा पिकवणाऱ्याने हे लक्षात ठेवावं. बियाणं मिसळीचं असेल तर निवडीला वाव आहे. एकदा शुद्ध वंश हाती आला की त्याच्या आत कितीही निवडा, हाती फक्त रानाचा फरक लागतो.

दिसणाऱ्या फरकात बियाण्याचा वाटा किती, याला अनुवंशिकता म्हणतात. फुलाचा रंग किंवा फुलावर यायला लागणारे दिवस यांत हा वाटा मोठा असतो, म्हणून एका झाडावरून अंदाज बांधता येतो. उत्पन्नात तो कमी असतो. म्हणूनच संशोधन केंद्रावर एकच वाण तीन-चार ठिकाणी विभागून लावलेला दिसतो आणि मधूनमधून तुलनेसाठी जुना, माहितीचा वाण असतो. बघणाऱ्याला ते विस्कळीत वाटतं, पण रानाचा वाटा वजा करायला दुसरा उपाय नाही.

स्वपरागी की परपरागी, हे आधी का विचारतात?

कारण पुढची सगळी पद्धत त्यावर ठरते. सोयाबीन, गहू, भात, हरभरा, भुईमूग, घेवडा ही पिकं बहुतेक स्वतःच्याच परागाने बी धरतात. सोयाबीनचं फूल तर उमलण्याआधीच आतल्या आत परागीभवन उरकून घेतं. त्यामुळे एक झाड शुद्ध निघालं की त्याची पोरं-नातवंडं जवळपास त्याच्यासारखीच. बाजरी आणि मका याच्या उलट. बाजरीत स्त्रीकेसर आधी बाहेर येतात, पराग नंतर सुटतो, त्यामुळे शेजारच्या कणसाचा पराग आधी पोचतो. अशा पिकात एकेकट्या झाडाची शुद्धता शोधण्यापेक्षा सगळ्या समूहाकडे बघावं लागतं. ज्वारी आणि तूर मधल्या आहेत, मुख्यतः स्वपरागी पण संधी मिळाली की बाहेरचा पराग घेणाऱ्या. तुरीवर मधमाश्या किती असतात ते फुलोऱ्यात एकदा बघा, घरचं तुरीचं बी दोन-चार वर्षांत का फाटतं, म्हणजे एकसारखं का राहत नाही, ते कळेल.

निवड पद्धतीने आलेला एखादा ओळखीचा वाण सांगा.

मालदांडी. जत, आटपाडी, माण, खटाव या भागात शाळूची, म्हणजे रब्बी ज्वारीची, भाकरी म्हटली की लोकांच्या मनात मालदांडीच असते. तिचं पूर्ण नाव एम ३५-१, त्यातला 'एम' सोलापूर जिल्ह्यातल्या मोहोळचा. स्थानिक मालदांडीच्या मिसळीतून तिथे वेगवेगळी कणसं निवडली, प्रत्येक कणसाची वेगळी ओळ लावली, ओळींची तुलना केली आणि त्यातली एक ओळ पुढे नेली. कसला संकर नाही, काही नाही. इतकी वर्षं झाली, तरी नवीन वाणाची तुलना अजून तिच्याशीच होते.

याला शुद्ध वंश निवड म्हणतात. अनेक चांगल्या झाडांचं बी एकत्र करून पेरलं तर ती समूह निवड. दुसरी पद्धत सोपी, पण त्यात कुठल्या आईची कुठली लेक हे कळत नाही.

संकर प्रत्यक्षात करतात तरी कसा?

बारीक चिमटा, भिंग, कागदी पिशवी, सुतळी, चिठ्ठी. महागडं काही लागत नाही, लागतो तो धीर.

सोयाबीनचं उदाहरण घेऊ, कारण मिरज तालुक्यातल्या कसबे डिग्रजच्या संशोधन केंद्राने त्यात मोठं काम केलं आहे. वाणाच्या नावापुढे केडीएस दिसलं की समजा, तो डिग्रजचा सोयाबीन. केडीएस ३४४ म्हणजे फुले अग्रणी, ७२६ म्हणजे फुले संगम, ७५३ म्हणजे फुले किमया. कृष्णाकाठच्या दमट हवेत सोयाबीनवर तांबेरा हा बुरशीचा रोग उतरतो, त्यामुळे तांबेऱ्याला तग धरणं हा इथल्या निवडीचा मोठा निकष राहिला.

आई म्हणून निवडलेल्या झाडावर उद्या उमलेल अशी कळी शोधायची. पाकळ्या अलगद काढून पुंकेसर पिकण्याआधीच खुडायचे. मग बाप-झाडाच्या फुलातला पराग त्या स्त्रीकेसरावर लावायचा आणि चिठ्ठी बांधायची. सोयाबीनची कळी एवढीशी असते की नवशिक्याच्या हातून बहुतेक कळ्या मोडतात नाहीतर गळून जातात. जमलेल्या एका शेंगेत दोन-तीन दाणे. वर्गात मुलं कुरकुरतात, पण दिवसभरात पन्नास कळ्या करून चार शेंगा धरल्या की तीच मुलं त्या चार शेंगांची राखण करतात.

दोन आई-बापांतून नेमकं काय मिळवायचं, हे मात्र आधी ठरलेलं हवं. पाटण भागात घरोघरी माहीत असलेला इंद्रायणी भात घ्या. वडगाव मावळच्या केंद्राने १९८७ मध्ये तो दिला. एका बाजूला आंबेमोहोर १५७, वासाचा आणि चवीचा. दुसऱ्या बाजूला आयआर ८, बुटका आणि भरपूर उत्पन्नाचा. आंबेमोहोर उंच वाढतो, खत जास्त झालं की लोळतो. आयआर ८ उभा राहतो, पण त्याच्या भाताला वास कुठला? आंबेमोहोरची गोडी बुटक्या ताटावर आणायची, असा तो हिशेब होता.

मग एक संकर करून वाण मिळायला दहा-बारा वर्षं का लागतात?

आई-बाप शुद्ध असतील तर पहिली पिढी सगळी एकसारखी येते. खरी गंमत दुसऱ्या पिढीत. आई-बापांचे सगळे फरक तिथे सुटे होऊन नव्याने जुळतात, आणि प्रत्येक झाड वेगळं दिसायला लागतं. मेंडेल यांनी वाटाण्यावर हे १८६५ साली मांडलं, लोकांनी मात्र १९०० पर्यंत त्याकडे लक्ष दिलं नाही.

एक गणित करून बघा. आई आणि बाप यांच्यात फक्त २० जनुकांचा फरक आहे असं धरलं, तर दुसऱ्या पिढीत ३४८ कोटींहून जास्त प्रकारच्या जुळण्या शक्य असतात. प्रत्येकीचं एकेक झाड लावायचं म्हटलं तरी सोयाबीनच्या नेहमीच्या अंतराने साधारण ८ हजार हेक्टर रान लागेल. पैदासकाराच्या हातात असतात काही हजार झाडं. म्हणजे सर्वोत्तम झाड त्याच्या रानात उगवलेलंच नसण्याची शक्यता जास्त. त्याला आहे त्यातून चांगलं उचलायचं असतं आणि बाकीचं निर्दयपणे टाकायचं असतं. या धंद्यात टाकणं हेच मुख्य काम आहे.

त्यात आणखी एक अडचण. दुसऱ्या पिढीतलं झाड अजून शुद्ध नसतं. स्वपरागी पिकात ही मिसळ दर पिढीला निम्मी होते. दुसऱ्या पिढीत ५० टक्के, तिसरीत २५, चौथीत १२.५, पाचवीत ६.२५, सहावीत जेमतेम ३. म्हणून सहा-सात पिढ्या थांबावं लागतं. तेवढ्या काळात प्रत्येक झाडाची वंशावळ लिहीत गेलं तर ती वंशावळ पद्धत. चार-पाच पिढ्या सगळं एकत्र पेरून मग निवडलं तर राशी पद्धत. प्रत्येक झाडाचा एकेकच दाणा पुढे नेला तर एक-बीज पद्धत. जागा कमी आणि घाई जास्त असेल तर तिसरी बरी, कारण हरितगृहात वर्षाला एकापेक्षा जास्त पिढ्या निघतात. अलीकडे गव्हासारख्या पिकाला दिवसाचे २०-२२ तास उजेड देऊन वर्षात चार ते सहा पिढ्या काढतात.

त्यानंतर केंद्रावरच्या चाचण्या, मग वेगवेगळ्या ठिकाणी तीन-एक वर्षं तुलना, मग शिफारस, अधिसूचना आणि बियाणं वाढवणं. आज डिग्रजला झालेला संकर शेतकऱ्याच्या पिशवीत येईपर्यंत आत्ता पाचवीत असलेली पोरगी पदवीधर होते.

'सुधारित' आणि 'संकरित' यात फरक काय? दुकानदार दोन्हीला हायब्रीड म्हणतो.

आपल्याकडे हा शब्द भलताच पसरला आहे. म्हाताऱ्या माणसांच्या तोंडी 'हायब्रीड' म्हणजे खरिपाची ती ज्वारी, जिची भाकरी कडक होते. देशात ज्वारीचा पहिला संकरित वाण, सीएसएच-१, १९६४ मध्ये आला. तेव्हापासून जे जे नवं आणि बेचव ते हायब्रीड, असा लोकांनी अर्थ लावला. शास्त्रात अर्थ वेगळा आहे.

संकर करून, मग सहा-सात पिढ्या निवड करून स्थिर केलेला वाण म्हणजे सुधारित. फुले संगम सुधारित आहे. त्याचं बी पुढच्या वर्षी तसंच येतं. संकरित बियाणं म्हणजे दोन शुद्ध ओळींच्या संकराची पहिलीच पिढी, थेट विकायला काढलेली. आई-बाप दूरचे असले की त्या पिढीत जोर दिसतो, त्याला संकर जोम म्हणतात. तेच बी राखून पेरलं तर ती दुसरी पिढी होते. एक ताट उंच, एक बुटकं, एक लवकर, एक उशिरा, आणि जोमही निम्म्यावर. कंपनीने बियाण्यात काहीतरी घातलेलं असतं म्हणून ते पुन्हा उगवत नाही, हे मी अनेकदा ऐकलं आहे. उगवतं हो, पण फाटतं.

ज्वारी-बाजरीत लाखो फुलांचे पुंकेसर हाताने खुडणं अशक्य. म्हणून ज्या ओळीत परागच तयार होत नाही अशी नरवंध्य ओळ आई म्हणून घेतात. ती टिकवायला दुसरी ओळ आणि संकराच्या पिकात पुन्हा पराग यावा म्हणून तिसरी ओळ लागते. टोमॅटोत मात्र हाताने करणं परवडतं, कारण एका फळात भरपूर बी मिळतं. सोयाबीनमध्ये परवडत नाही, म्हणून बाजारात संकरित सोयाबीन दिसत नाही. कोणी त्या नावाने विकत असेल तर पावती नक्की घ्या.

उत्पन्न सोडून पैदासकार दुसरं काय बघतात?

पुष्कळ. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने करडईत काटे नसलेले वाण दिले, नारी-६ आणि संकरित नारी-एनएच-१. ज्याने काटेरी करडई हाताला फडकं गुंडाळून काढली आहे त्याला याचं मोल सांगायला नको. फुले विक्रम हरभरा उंच वाढतो, घाटे जमिनीपासून वर लागतात, त्यामुळे यंत्राने काढता येतो. बाजरीत धनशक्ती हा वाण दाण्यातल्या लोहासाठी निवडला. मजूर मिळेनासा झाला, आहार बदलला, की निकषही बदलतात.

सगळं चांगलं आहे, फक्त एकच दोष आहे, अशा वाणाचं काय करतात?

त्याला मागे फिरवतात. चांगला पण तांबेऱ्याला बळी पडणारा वाण आणि रोगाला दाद न देणारा एखादा रानटी किंवा जुना वाण यांचा संकर करायचा. आलेल्या झाडांतून रोग न येणारं निवडून ते पुन्हा त्या चांगल्या वाणाशीच जोडायचं. असं सहा वेळा केलं की ९९ टक्क्यांहून जास्त रक्त चांगल्या वाणाचं आणि वर तो एक गुण. याला प्रतीप संकर म्हणतात. आता खुणेचा जनुकीय तुकडा, ज्याला मार्कर म्हणतात, तो तपासून रोपावस्थेतच निवड होते. त्यामुळे रोग येण्याची वाट बघावी लागत नाही आणि दोन-तीन फेऱ्या वाचतात.

उसाला तुरा येतो, पण बी का लावत नाहीत? नवीन ऊस येतो तरी कुठून?

आपल्या हवेत तुरा आला तरी त्यात उगवणारं बी सहसा भरत नाही. कोइमतूरच्या हवेत ते भरतं. म्हणून १९१२ मध्ये तिथे ऊस पैदास संस्था सुरू झाली, आणि १९१८ मध्ये मळ्यातला जाड गोड ऊस आणि रानटी बारीक ऊस यांच्या संकरातून को २०५ बाहेर पडला. रानटी उसाने चिवटपणा दिला, मळ्यातल्याने साखर. आपल्याकडे म्हातारी माणसं ज्या पुंड्या उसाची आठवण काढतात तो निव्वळ जाड जातीचा होता. खायला लोण्यासारखा, रोगाला नाजूक. त्यानंतर को ४१९, को ७४०, कोसी ६७१ अशी रांग लागली आणि आता बहुतेक फडात को ८६०३२ उभा असतो.

नावातच वंशावळ लिहिलेली आहे. 'को' म्हणजे कोइमतूर, पुढचे ८६ हे साल. कोएम ०२६५ म्हणजे संकर कोइमतूरचा आणि निवड महाराष्ट्राची. ही निवड होते फलटण तालुक्यातल्या पाडेगावला, १९३२ पासून चालत आलेल्या ऊस संशोधन केंद्रावर. कोइमतूरहून कापसासारखं मऊ, बारीक बी येतं. त्याची हजारो रोपं करतात, आणि त्यातलं प्रत्येक रोप दुसऱ्यापेक्षा वेगळं असतं, कारण उसात गुणसूत्रंच शंभराच्या वर आणि मिसळ अफाट. इथे सोयाबीनसारखं सहा पिढ्या थांबायची गरज नाही. एक रोप आवडलं की त्याच्या कांड्या लावायच्या, प्रत्येक डोळ्यातून तोच ऊस. वेळ जातो तो तपासण्यात. लागणीला कसा, खोडव्याला कसा, साखर कधी भरते, काणी हा रोग येतो का.

को ८६०३२ चे आई-बाप को ६२१९८ आणि कोसी ६७१. ६७१ ची साखर मोठी, त्याचा अंश यात उतरला. २६५ चं टनेज दांडगं आणि वाळवा-मिरजेच्या क्षारपड रानात तो तग धरतो, पण साखरेत ८६०३२ ची बरोबरी करत नाही. शेतकऱ्याला टन हवा, कारखान्याला साखरेचा उतारा. एकाच वाणाकडून दोन्ही मागितलं की पैदासकाराची कशी ओढाताण होत असेल बघा.

हळद आणि द्राक्षात नवा वाण कसा मिळतो?

हळदीत गुणसूत्रांचे तीन संच आहेत, दोन नाहीत. बी तयार होताना त्यांची बरोबर वाटणी होत नाही, म्हणून फुलं आली तरी बी क्वचितच धरतं. त्यामुळे इथे संकरापेक्षा निवडच जास्त चालते. सेलम, राजापुरी, कृष्णा आणि डिग्रजची फुले स्वरूपा ही नावं सांगलीच्या बाजारपेठेला सवयीची आहेत. निवड करताना माझ्या पाटाकडेच्या कंदाची गोष्ट विसरू नका. एका कंदावरून नाही, त्याच्या तीन-चार वर्षांच्या संततीवरून ठरवा.

द्राक्षात निसर्ग स्वतःच मदत करतो. एखाद्या डोळ्यात आपोआप जनुकीय बदल होतो आणि त्या एका काडीवर वेगळे मणी लागतात. तास-ए-गणेश हा तासगाव भागात थॉमसनमधून असाच निवडलेला वाण. सोलापूरच्या नान्नजचा लांब मण्यांचा सोनाकाही थॉमसनमधूनच निघाला. दोन्हींच्या मागे प्रयोगशाळा नाही, शेतकऱ्याचा डोळा आहे. फक्त ती काडी वेगळ्या खुंटावर भरून, दोन-तीन छाटण्यांनंतरही मणी तसेच येतात का ते बघितल्यावरच खात्री धरायची. नाहीतर मणी फुगवणाऱ्या जिबरेलिक संजीवकाचा डोस त्या वेलीला जास्त पडला होता एवढाच शोध लागतो.

बिनबियांच्या द्राक्षात गर्भ तयार होतो पण मध्येच मरतो. दोन बिनबियांच्या जातींचा संकर करायचा तर तो इवलासा गर्भ वेळेत काढून बाटलीत वाढवावा लागतो.

रोगप्रतिकारक वाण काही वर्षांनी 'पडतो' का?

पडतो, कारण रोगही बदलतो. एकाच मोठ्या जनुकावर उभी असलेली प्रतिकारशक्ती एका कुलपासारखी असते. बुरशीचा एखादा नवा प्रकार किल्ली घेऊन आला की सगळा भाग एकदम बसतो. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला संकरित बाजरीवर गोसावी (केवडा) रोग पडला तेव्हा हेच झालं. मोठ्या क्षेत्रावर सारख्याच रक्ताचे वाण होते आणि रोगाला मोकळं रान मिळालं. लहान लहान अनेक जनुकांवरची प्रतिकारशक्ती रोग पूर्ण थांबवत नाही, पण एका फटक्यात कोसळतही नाही. मला विचाराल तर थोडा तांबेरा दिसणारा पण वर्षानुवर्षं तसाच राहणारा वाण बरा.

गव्हाच्या तांबेऱ्यावर नजर ठेवायला आपल्या जिल्ह्याशेजारीच महाबळेश्वरला संशोधन केंद्र आहे. पर्यटक स्ट्रॉबेरी खाऊन परत येतात, पण तिथल्या थंड हवेत गव्हाच्या ओळी मुद्दाम रोगाला उघड्या टाकून पारखल्या जातात, हे फार थोड्यांना माहीत असतं.

एका गावात चाललेला वाण दुसऱ्या गावात का चालत नाही?

वाण आणि रान यांचंही एकमेकांशी जमावं लागतं. रब्बी ज्वारीत तर शिफारसच जमिनीनुसार असते. हलक्या रानाला फुले अनुराधा, मध्यमला फुले सुचित्रा, भारीला फुले वसुधा, आणि पाणी असेल तर फुले रेवती. जतच्या मुरमाड रानात रेवती पेरून 'विद्यापीठाचा वाण खोटा' म्हणणारे मला भेटले आहेत.

कोरेगाव तालुक्यातल्या करंजखोपला आघारकर संशोधन संस्थेचा एमएसीएस ६४७८ हा गहू आला. आधी लोक-१, एचडी २१८९ असे जुने गहू होते आणि हेक्टरी २५ ते ३० क्विंटल मिळायचे, ते ४५ ते ६० वर गेले. बातमी वाचून पुष्कळांनी बियाणं शोधलं. शोधावंच. पण स्वतःच्या रानात आपला जुना गहू शेजारीच दोन गुंठे, त्याच पाण्या-खतावर लावून बघा. मगच कळेल, वाढीतला बियाण्याचा वाटा किती आणि रानाचा किती.

किरणं देऊन तयार केलेला वाण खाल्ला तर काही होतं का?

नाही. किरणं बियाण्याला एकदा दिली, त्याने जनुकांत बदल झाले, मग अनेक पिढ्या निवड झाली. धान्यात किरणं उरत नाहीत. टीएजी-२४ हा भुईमूग तुम्ही बहुधा खाल्लेलाच आहे. भाभा अणुसंशोधन केंद्र आणि अकोल्याचं कृषी विद्यापीठ यांचा तो १९९१ चा वाण.

जनुक संपादन म्हणजे जीएमच ना?

नाही. जीएम म्हणजे ज्याच्या जनुकांत बाहेरून फेरफार केला आहे असं पीक. २००२ मध्ये आलेल्या बीटी कापसात जिवाणूचं जनुक घातलं आहे, म्हणजे बाहेरचं. जनुक संपादनात पिकाच्या स्वतःच्याच जनुकात नेमक्या जागी बदल करतात. मे २०२५ मध्ये देशात असे दोन भात जाहीर झाले, डीआरआर धान १०० (कमला) आणि पुसा डीएसटी राईस १. त्यांच्यात परकं जनुक नाही. तरी एक सांगतो, तंत्र कुठलंही असो, शेवटी रानात लावून तुलना करणं चुकत नाही.

घरचं सोयाबीन बियाणं किती वर्षं वापरावं?

प्रमाणित बियाणं एकदा आणलं की पुढची दोन वर्षं घरचं वापरायला हरकत नाही, भेसळ काढत असाल तर. फुलाच्या आणि केसाच्या रंगावरून वेगळी झाडं फुलोऱ्यातच उपटा. दाण्याचं साल पातळ असतं, मळणी जोरात केली की डोळ्याला न दिसणाऱ्या चिरा पडतात आणि उगवण घसरते. पेरणीआधी १०० दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवा. ७० उगवले तर नेहमीच्या प्रमाणात बियाणं पेरा, कमी असतील तर प्रमाण वाढवा, फारच कमी असतील तर डाळ करा म्हणणार होतो, पण सोयाबीनची डाळ कोण खातो, विकून टाका.

पिशवीवरची चिठ्ठीही बघायला शिका. पैदासकार बियाण्याला सोनेरी पिवळी, पायाभूतला पांढरी, प्रमाणितला निळी, सत्यप्रतला हिरवी.

माझ्या शेतात वेगळं झाड सापडलं. माझ्या नावावर होईल का?

होऊ शकतं. पीक वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायदा २००१ चा आहे. वाण इतरांपेक्षा वेगळा हवा, सगळी झाडं सारखी हवीत आणि पिढ्यान्‌पिढ्या तसाच राहायला हवा. शेतकऱ्याच्या वाणाच्या नोंदणीला शुल्क माफ आहे. संरक्षण वेलींना आणि झाडांना १८ वर्षं, इतर पिकांना १५. याच कायद्याने शेतकऱ्याला संरक्षित वाणाचंही बी राखायला, पेरायला, देवाणघेवाण करायला आणि विकायलाही मोकळीक आहे, फक्त ब्रँडच्या नावाने पिशवीबंद करून विकता येत नाही.

अर्जाआधी किमान तीन हंगाम मोजून लिहून ठेवा. फोटोत झाडाशेजारी पट्टी ठेवा. आणि पाटाकडेचं झाड असेल तर आधी ते पाटापासून लांब लावून बघा.

मला स्वतः संकर करून बघायचा आहे. सुरुवात कशावर करू?

भेंडीवर. फूल मोठं, हातात येणारं. एक हिरवी आणि एक लाल भेंडी लावा, हिरवीला आई करा. उद्या उमलणारी कळी फुगलेली आणि टोकाला पिवळसर दिसते. संध्याकाळी तिच्या बुडाशी ब्लेडने हलकी गोल चीर देऊन निदलं आणि पाकळ्या टोपीसारख्या काढा, मधल्या दांड्यावरचे पुंकेसर चिमट्याने खरवडा, स्त्रीकेसराला धक्का लावू नका, आणि कागदी पिशवी बांधा. सकाळी आठ-साडेआठला लाल भेंडीच्या ताज्या फुलाचा पराग लावून पुन्हा पिशवी घाला. बापाच्या फुलालाही आदल्या संध्याकाळी दोरा बांधून ठेवा, नाहीतर मधमाशीने आधीच दुसऱ्याचा पराग त्यात मिसळलेला असतो. फळ झाडावरच वाळू द्या. पुढच्या हंगामात रोपांच्या देठावर लाल छटा आली तर संकर जमला, सगळी हिरवीच निघाली तर एखादा पुंकेसर राहून गेला होता.

चिठ्ठीवर आधी आईचं नाव, मग फुली, मग बापाचं, खाली तारीख. पेन वापरू नका, पहिल्याच सरीत शाई उतरते. शिसपेन्सिलने लिहा.